रक्ताची आत्या

शेकायची विजेची पिशवी पुरेशी गरम झाली की तिच्यावरचा तांबडा दिवा आपोआप विझतो, हे कस्तुराबाईला पिशवी घरात आल्याच्या तिसऱ्या दिवशी कळलं आणि तिचा संताप आणखीच वाढला. म्हणजे ही पिशवी चटका देत नाही, गार पडली तर वायर लावली की झालं, आणि वर तिला मऊ मखमलीचं कापड!

"मोठेमाय, ते पिशवी दे ना इकडं. पाह्य, दिवा इजला," हर्षल म्हणाला.

तो शुभांगीच्या पायथ्याशी बसला होता. शुभांगी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. पाळीचा दुसरा दिवस. सकाळपासून दोनदा उलटी झाली होती आणि पोटात चहाचा घोटसुद्धा टिकला नव्हता.

"तुले हात नाईत काय?" कस्तुराबाई म्हणाली, पण पिशवी तिनं काढून दिली. हर्षलनं ती आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली, मग अलगद बायकोच्या ओटीपोटाशी सरकवली. ते गालाला लावणं कस्तुराबाईनं पाहिलं आणि ती तडक उठून बाहेर आली.

ओसरीत दौलतराव टीव्हीसमोर बसले होते. आवाज इतका बारीक होता की बातम्या देणारी बाई नुसतंच तोंड हलवत होती.

"आवाज काहून नाई?" कस्तुराबाईनं विचारलं.

"पोरीले बरं नाई ना," दौलतराव म्हणाले. "तरास होते तिले."

कस्तुराबाई नवऱ्याकडे पाहतच राहिली. हाच तो माणूस. याच ओसरीत उभा राहून चाळीस वर्षांपूर्वी म्हणाला होता, "नखरे नोको करू. ऊठ, मेथी उपटाची हाय." आणि ती उठली होती. तेव्हा पिशवी नव्हती, वीट होती. चुलीत वीट तापवायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायची, पदराखाली पोटाला बांधायची आणि वाफ्यात बसून मेथीच्या जुड्या बांधायच्या. जुडी बांधता बांधता डोळ्यांपुढे अंधारी आली की डोळे मिटून घ्यायचे, हात चालू ठेवायचे. सासू लांबून ओरडायची, "झोपली काय वं?"

इंझोरीच्या शिवारात दौलतरावांची बागायत. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, दिवस असतील तशी भाजी, आणि ती कारंज्याच्या नाहीतर मानोऱ्याच्या बाजाराला जायची. कस्तुराबाई या घरात आली ती सोळाव्या वर्षी. नऊ वर्षं झाली, पाळणा हलला नाही. मग घरच्यांनी तुळसाबाईला आणलं. तिला दोन मुली झाल्या आणि मग हर्षल. तुळसाबाई 'माय' झाली, पुढं सुनेची 'मायजी', आणि कस्तुराबाई 'मोठीमाय'. मोठीमाय म्हणजे मान सगळा, सत्ता काही नाही. लग्नपत्रिकेत पहिलं नाव तिचं, पण तिजोरीची किल्ली तुळसाबाईच्या कमरेला.

आयुष्यात एकदाच कस्तुराबाईची सरशी झाली होती. हर्षलसाठी मुली पाहणं चालू होतं, तेव्हा तिनं हट्ट धरून धनजच्या पंजाबरावची, म्हणजे आपल्या धाकट्या सख्ख्या भावाची मुलगी केली. पोर शिकलेली, दिसायला नीटस, कामाला वाघीण. दौलतरावांनाही पसंत पडली. लग्नाच्या दिवशी मांडवात उभ्या उभ्या कस्तुराबाईला वाटलं होतं, झालं. आता या घरात जे लेकरू खेळेल त्याच्यात माझं रक्त असेल. मग बघू मोठीमाय कोण आणि माय कोण.

त्याला पावणेतीन वर्षं झाली होती. लेकरू नव्हतं. होती ती ही पिशवी.

त्यात शुभांगीला कारंज्याच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरलं. बाजाराचा दिवस असल्यानं हर्षलला वांग्यांची गाडी सोडून येता येईना. तुळसाबाईचे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत. राहिली कस्तुराबाई. ती मुकाट्यानं नवं लुगडं नेसली. मनातून मात्र तिला पाहायचंच होतं की हे डॉक्टर एवढं करतात तरी काय.

डॉक्टरीणबाई साताऱ्याकडच्या. बोलणं गोड, हात हलका. त्यांनी शुभांगीला आत नेऊन तपासलं, सोनोग्राफी केली, बाहेर येऊन अर्धा तास विचारत बसल्या. केव्हापासून दुखतं, किती दिवस दुखतं, नवराबायकोच्या संबंधाच्या वेळी दुखतं का, संडासच्या वेळी दुखतं का. कस्तुराबाई शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. शुभांगी अडखळत सांगायची आणि कस्तुराबाईला वाटायचं, असं नाही, नीट सांग, आधी कंबर भरून येते, मग मांड्यांत उतरतं. उभ्या जन्मात हे प्रश्न तिला कुणी विचारले नव्हते. आता विचारले जात होते, ते दुसरीला.

"सोनोग्राफी स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मला एका आजाराची शंका येते. त्याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. सोनोग्राफीत तो दर वेळी दिसतोच असं नाही. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं ना, तसलंच अस्तर कधी कधी बाहेर, पोटात भलत्या जागी उगवतं. पाळीत त्यातूनही रक्त सांडतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते तिथंच साचतं. रक्तात लोह असतं. मग काय होतं, आत गंज चढतो म्हणा ना! सूज राहते, दुखतं, त्या गंजानं बीज कमजोर पडतं. म्हणून मूल राहायला वेळ लागतो."

वऱ्हाडात गंज म्हणजे स्वयंपाकाचं मोठं पातेलं. लोखंडाला चढतो तो जंग. तेव्हा 'आत गंज चढतो' म्हटल्यावर कस्तुराबाईच्या डोळ्यांसमोर पोटातल्या चुलीवर चढवलेला गंज आला, खालून जाळ, वरून रटरट. तिनं जोरात मान हलवली. या बाईला सगळं कळतं, असं तिला वाटलं.

"कुणी आहे का घरात असं?" डॉक्टरीणबाईंनी पेन उचलला. "आई, मावशी, आत्या, बहीण? रक्ताच्या नात्यात कुणाला पाळीत एवढा त्रास, किंवा मूल न होणं?"

शुभांगीनं विचार केला. "आईले नाई. मावशीलेबी नाई. मले बहीणच नाई." मग ती कस्तुराबाईकडे वळली. "आत्याबाई, आपल्याकडं कोणाले होतं काय?"

आत्याबाई. सगळा घोटाळा त्या एका शब्दानं केला. शुभांगी लहानपणापासून तिला नुसतं 'आत्या' म्हणायची, आणि अगंतुगं करायची. पण लग्नानंतर चारचौघांत 'आत्याबाई' आणि 'तुमी'. आणि सासूलाही आत्याबाईच म्हणतात, इकडेही आणि साताऱ्याकडेही. डॉक्टरीणबाईंनी एकदा दोघींकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "अगं, सासूबाईंकडचं नको. तुझ्या माहेरचं विचारतेय मी. रक्ताचं."

कस्तुराबाईनं तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं.

"मग कुणी नाही," डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक आडवी रेघ ओढली. "माहेरी कुणाला असतं तर मी थांबले नसते, सरळ अकोल्याला दुर्बिणीनं तपासायला पाठवलं असतं. पण तुझं वय हाताशी आहे. ह्या गोळ्या दुखण्याच्या. वर्षभर वाट बघू."

एक वाक्य बोलायचं होतं. मी सासू नाही, आत्या आहे, आणि मला होतं. बोललं असतं तर शुभांगीचं वर्ष वाचलं असतं, हे कस्तुराबाईला तिथल्या तिथे कळलं होतं. ती बोलली नाही. एक तर घरी हे कळलं की तुळसाबाई म्हणणार, तुमचंच दुखणं घेऊन आल्या तुम्ही या घरात, माझ्या एकुलत्या एका पोरासाठी. आणि दुसरं म्हणजे, मी नऊ वर्षं वाट पाहिली, हिनं एक पाहिली तर काय बिघडलं? यातलं आधी कोणतं मनात आलं ते तिला पुढेही सांगता आलं नाही. पण दुसरं आलं होतं, आणि त्यानं क्षणभर थंडावाही वाटला होता.

एसटीत शुभांगी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. "आत्या, बरं झालं तू संगं होती. मले एकटीले भेव वाटलं असतं."

"हं," कस्तुराबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

घरी सगळे वाटच पाहत होते. डॉक्टर काय म्हणाल्या म्हणून तुळसाबाईनं विचारलं, तेव्हा कस्तुराबाईनंच पुढं होऊन सांगितलं, "पोटात गंज चढते म्हने. चार दिवस रटरट शिजते. मंग दुखन नाई तं काय होईन?"

हर्षलला हसू आवरेना. "मोठेमाय, गंज म्हंजे जंग व! लोखंडाले लागते तो!"

"जंग कायले लागन पोटाले? पोट काय वखराची लोखंडी पास हाय?" कस्तुराबाई म्हणाली. तिनं आपला गंज सोडला नाही.

दिवस गेले. सोयाबीन निघालं, तुरीला फुलं आली. शुभांगीच्या गोळ्यांची पाकिटं रिकामी होत राहिली आणि महिन्याच्या महिन्याला ती आडवी पडतच राहिली. आधी चार दिवस, मग सहा दिवस. तुळसाबाई आधी काही बोलायची नाही, मग भांडी आपटायला लागली, मग बोलायला लागली. "पंधरा दिवस काम अन् पंधरा दिवस पिशवी. आमालेबी पाळी येत होती बाप्पा."

हर्षलही कंटाळला. माणूस वाईट नव्हता, पण किती दिवस कोण पायथ्याशी बसणार? एकदा शुभांगीनं हाक मारली तर तो अंगणातूनच ओरडला, "वायर तठीच हाय, लावून घे ना." हे ऐकलं तेव्हा कस्तुराबाई सांबार निवडत होती. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. हातातली जुडी तिनं नीट बांधली आणि दुसरी घेतली. रात्री जेवताना मात्र तिला भाकरी जाईना.

मग तो माघातला दिवस. भरदुपारची वेळ, हर्षल आणि दौलतराव मळ्यात, तुळसाबाई शेजारी लग्नाच्या पापडांना गेलेली. लाईन सकाळीच गेली होती. आतून शुभांगीची हाक आली, आणि ती हाक अशी होती की कस्तुराबाई चपला न घालताच धावली.

शुभांगी जमिनीवर बसली होती. पलंगाचा पाय दोन्ही हातांनी धरलेला. ओठ पांढरे पडले होते.

"आत्या, लाईन नाई. पिशवी थंडी हाय. काईतरी कर ना व."

कस्तुराबाई परसात गेली. आंघोळीच्या पाण्याची चूल अजून धुमसत होती. कुंपणाजवळ विटा रचून ठेवल्या होत्या, त्यातली एक तिनं निखाऱ्यात सरकवली. किती वेळ ठेवायची, कधी फिरवायची, कापडाचे किती पदर घ्यायचे, काही आठवावं लागलं नाही. वीट घेऊन ती आत आली, शुभांगीला तिनं आडवं केलं आणि तिचा गाऊन वर सारला.

पोटावर, बेंबीच्या खाली, तपकिरी जाळी पडली होती. बारीक बारीक रेघांची, एकीत एक गुंतलेली, पार दोन्ही कुशींपर्यंत.

कस्तुराबाईच्या हातातली वीट तशीच राहिली. ही जाळी तिच्या ओळखीची होती. लुगड्याच्या निऱ्यांखाली, पन्नास वर्षांपासून, अशीच्या अशी. लग्नानंतर आठव्या वर्षी ती तापानं फणफणली होती, तेव्हा अंग पुसताना सासूला ती दिसली. सासू काही बोलली नाही. पण चार दिवसांत सगळ्या भावकीत झालं की दौलतच्या बायकोच्या पोटावर डाग आहे, भुई जळालेली आहे, तिथं काही उगवायचं नाही. वर्षाच्या आत तुळसाबाई आली. त्यानंतर कस्तुराबाईनं ते पोट कुणाला दिसू दिलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"हे काय व?" तिनं विचारलं.

"ते? ते शेकल्यानं पडते," शुभांगी डोळे मिटून म्हणाली. "डॉक्टर म्हने रोज रोज गरम लावलं का कातडी तशी होते. काई नाई त्याचं. सगळ्यायचीच होते."

शेकल्यानं पडते. एवढंच. काही नाही त्याचं.

कस्तुराबाईनं वीट पोटावर ठेवली आणि हातानं धरून बसली. हळूहळू शुभांगीचा श्वास लांब व्हायला लागला. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळून कानात जात होतं.

"आत्या, मायजी म्हंते मी नखरे करते. हर्षलले बी आता तसंच वाटून राह्यलं. कोणाले सांगू मी? तुले तरी कसं समजन? तुहं पोट कधी असं दुखलं असन काय?"

कस्तुराबाईच्या अंगातून जाळ गेला. आपल्याला मूल नव्हतं, हे हिला माहीत होतं. तालुक्याला माहीत होतं. पण पोट दुखत होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांचं दुखणं जणू झालंच नव्हतं. आणि ही कालची पोर, हिच्याजवळ पिशवी, हिच्याजवळ फाइल, हिच्या दुखण्याला नाव, आणि ही मलाच विचारते, दुखलं असेल का!

"उद्या कारंज्याले चाल," ती म्हणाली.

"आणखीन वर्ष नाई झालं ना."

"चाल म्हटलं तं चाल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघींना पाहून हसून म्हटलं, "या सासूबाई."

"मी सासू नाई," कस्तुराबाई म्हणाली. ती खुर्चीवर बसलीच नाही. "हे माह्या सख्ख्या भावाची पोर हाय. मी इची आत्या हाव. रक्ताची. ते तुमी मागं इचारलं होतं ना, रक्तात कोणाले होतं काय म्हनून? मले होतं. हे बिमारी पयले माही होती."

शुभांगीनं मान वर केली. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि त्यांनी कागद ओढला.

"किती वर्षं?"

"पाळी आली तवापासून तं पाळी गेली तवापर्यंत."

"मूलबाळ?"

"नाई." मग तिनं एकदम सगळं सांगितलं. कंबर भरून यायची ते, मांड्यांत उतरायचं ते, वीट, उलट्या, वाफ्यात बसून डोळे मिटणं. कुणी विचारत नव्हतं तरी सांगत राहिली. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. बाहेर पेशंट ताटकळले होते, पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

"हे मागच्याच वेळी का नाही सांगितलंत?" शेवटी त्यांनी विचारलं. "आठ महिने गेले हो पोरीचे."

काहीही सांगता आलं असतं. लाज वाटली, आठवलं नाही, समजलं नाही. कस्तुराबाईनं शुभांगीकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेवर हात ठेवून ती म्हणाली, "जळत होती मी इच्यावर. मले कोणं इचारलं नोतं."

डॉक्टरीणबाईंनी मागच्या वेळची आडवी रेघ खोडली आणि तिच्यावर काहीतरी लिहिलं.

"माहं नाव लिवलं काय?" कस्तुराबाईनं विचारलं.

"नाव लिहीत नाही आम्ही. नातं लिहितो. आत्या, असं लिहिलंय." मग त्यांनी अकोल्याची चिठ्ठी शुभांगीच्या हातात दिली. "आता थांबायचं नाही. ह्याच महिन्यात जा."

परतीच्या एसटीत शुभांगी पुढच्या सीटवर जाऊन बसली. शेजारची जागा रिकामी होती. कस्तुराबाई उठून तिथं गेली नाही.

घरी पोचल्यावर शुभांगीनं हर्षलला सांगितलं, हर्षलनं आईला. तुळसाबाई चुलीपुढून उठून ओसरीत आली. एवढ्या वर्षांत ती सवतीला कधी उलट बोलली नव्हती, पण आज तिचा आवाज चढला.

"बाई, तुमाले माहीत होतं? अन् तरी तुमी आपल्या घरचीच पोरगी आणली? माहं एकच लेकरू हाय!"

"मले काय माहीत होतं?" कस्तुराबाई म्हणाली. "सांग ना, काय माहीत होतं? तुमी समदे म्हनत होते नखरे. मायबाप म्हने नखरे, सासू म्हने नखरे, हे म्हनत होते नखरे. मंग मीबी समजली का नखरेच हायेत. नखऱ्याची बिमारी असते हे कोणाले ठाव होतं? ठाव असतं तं तू आली असती काय या घरात?"

तुळसाबाई भिंतीला टेकून खाली बसली. खाटेवर दौलतराव होते. दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं, तसे ते उठले, टोपी घातली आणि मोटर चालू करतो म्हणून मळ्याकडे निघून गेले. त्या वेळी लाईन नव्हती.

तीन आठवड्यांनी अकोल्याच्या दवाखान्यात दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. आजार निघाला. डॉक्टरांनी आतले ठिपके जाळले, चिकटलेलं सोडवलं आणि सांगितलं, आता पुढचे सहा-आठ महिने चांगले आहेत, प्रयत्न करा. काही लागलं तर पुढचे इलाजही आहेत. हर्षलनं हे सगळं फोनवर सांगितलं. नंतर तो आठ दिवस बायकोच्या पायथ्यापासून हलला नाही. तुळसाबाईनं स्वतः सुनेसाठी मुगाचं वरण करून नेलं. कस्तुराबाई दारातून ते पाहायची. पोटात अजूनही कळ उठायची, पाळी जाऊन वीस वर्षं झाली तरी. ही कळ कशाची ते तिला पक्कं माहीत होतं.

शुभांगी तिच्याशी बोलायची. जेवलात का, औषध घेतलं का, असं. घरात कुणी नसतानाही ती आता 'तुमी' म्हणत होती.

एका सकाळी कस्तुराबाई तिच्या उशाशी जाऊन उभी राहिली. "ते आतले फोटू देले म्हने डॉक्टरनं."

शुभांगीनं फाइल उघडली, चार रंगीत फोटोंचा एक कागद काढला. "घ्या," ती म्हणाली.

"मी आणून देते वापस."

"पाहा ना तुमी. मी कुठी चालली?"

कस्तुराबाई कागद घेऊन दारातल्या उजेडात आली. ओलसर, गुलाबी, चकचकीत काहीतरी होतं. कुठलं काय ते कळत नव्हतं. पण त्या गुलाबीवर काळे ठिपके होते, भाकरी करपली की तव्याकडून पडतात तसे. इथं एक, तिथं चार, एका कोपऱ्यात तर दाटीनं. ते तिनं बोटानं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. कोपऱ्यात इंग्रजीत शुभांगीचं नाव छापलेलं होतं. ती अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण कुणाचं नाव असणार ते तिला कळत होतं.

विहिरीजवळच्या सावलीत दौलतराव मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि कागद धरला.

"काय हे?" त्यांनी विचारलं.

"पाहा."

दौलतरावांनी हात धोतराला पुसले, खिशातून चष्मा काढला. कागद आधी उलटा धरला, मग सुलटा केला. बराच वेळ ते पाहत राहिले. ओल्या मेथीचा वास येत होता. पाटात पाणी चालू होतं.

"मले काई समजत नाई यातलं," ते म्हणाले.

"मलेबी नाई समजत," कस्तुराबाई म्हणाली. "पन ते काळं काळं दिसते काय?"

"दिसते."

"मंग? हाय ना?"

दौलतरावांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं वर मान करून पाहिलं नव्हतं.

"हाय," ते म्हणाले.

कस्तुराबाईनं त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. कडेला त्यांच्या बोटांची माती लागली होती, ती पदरानं पुसली, आणि ती घराकडे वळली. फोटो शुभांगीचे होते. परत द्यायचे होते.